धावणारी बोट एका बाजूला कलते तेव्हा: कारण शोधण्याचा आणि कल काढण्याचा क्रम

बोट धावताना एका अंगावर झुकते अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा ट्रिम टॅब आधीच बसवून घेतलेले असतात, नाहीतर प्रॉपेलर तरी बदललेला असतो. कल मात्र जागच्या जागी. याचं कारण म्हणजे उपाय आधी झाला आणि तपासणी राहूनच गेली. खालचा क्रम कंटाळवाणा वाटेल, पण तो मोडू नका. पहिल्या तीन टप्प्यांत पाना-पक्कड हातात घ्यायचीच नाही, फक्त मोजायचं आणि लिहायचं.

लेखात डावं-उजवं म्हटलं की नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहिल्यावरचं डावं-उजवं समजा. ट्रिम टॅब म्हणजे ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, तळाशी दोन्ही बाजूंना असलेल्या हलत्या पट्ट्या. आउटबोर्डला (ट्रान्समवर बाहेरून लावलेल्या इंजिनाला) प्रॉपेलरच्या वर एक आडवी प्लेट असते, तिच्याखाली एक छोटा फिन असतो, तो वेगळा. त्याच्याबद्दल पुढे येईल.

## सुरुवातीला: तक्रार नेमकी कसली?

तीन वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट "बोट झुकते" म्हणतात.

- कल: बोट सरळ रेषेत जाते, पण एक बाजू सतत खाली राहते. हा लेख याच्याबद्दल आहे.
- ओढ: बोट सपाट असते, पण स्टिअरिंग सोडलं की एका दिशेला वळते. याचा उपाय बहुधा त्या छोट्या फिनमध्ये असतो.
- डोलणं: मोठ्या वेगात बोट डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी आपटत राहते आणि प्रत्येक वेळी जोर वाढतो. याला चाईन वॉकिंग म्हणतात. अशा वेळी थ्रॉटल हळू कमी करा आणि इंजिन थोडं आत ट्रिम करा, म्हणजे त्याचा खालचा भाग ट्रान्समकडे आणा. वजन सरकवून हे थांबत नाही.

सावधान: धक्क्याला उभी असलेली बोट कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलून तिथेच थांबत असेल, तर पुढचं काहीही करू नका आणि बोट घेऊन बाहेर पडू नका. वजन फार उंचावर गेलंय किंवा आत पाणी शिरून तिचा तोल कमी झालाय, असा त्याचा अर्थ. अशा बोटीच्या वर आलेल्या बाजूला वजन ठेवून ती सरळ करायला गेलात तर ती दुसऱ्या अंगावर जोरात पडू शकते. आधी पाणी काढा, जड सामान खाली आणा, मग बाकीचं बघू.

## टप्पा १: तयारी

१. बिल्ज, म्हणजे डेकखालची पाणी साचणारी जागा, कोरडी करा. पंपावर विसंबू नका. पंप तळाचं थोडं पाणी नेहमीच मागे ठेवतो आणि तो मागच्या एकाच कप्प्यात असतो. झाकणं उघडून प्रत्येक कप्प्यात हात घाला. कप्प्यांना जोडणारी छोटी भोकं कचऱ्याने बुजलेली असली तर मधल्या किंवा पुढच्या कप्प्यात पाणी साचून राहतं आणि पंपाला त्याचा पत्ताही नसतो.

पाणी थोडं असलं तरी दुर्लक्ष करू नका. पाण्याने भरलेली परात हातात घेऊन चालताना एक कड जराशी खाली गेली की सगळं पाणी तिकडे धावतं आणि परात आणखी कलते. बिल्जमध्ये तेच होतं. दोन अंशांचा कल असलेली बोट पाण्यामुळे पाच अंशांवर जाते, आणि मालक मात्र पाच अंशांचं कारण शोधत बसतो.

२. सामान उतरवा. सुटं जे काही आहे ते सगळं: नांगराची जादा साखळी, डायव्हिंगच्या टाक्या, हत्यारांची पेटी, बर्फाचा डबा, "असू द्या, लागेल" म्हणून ठेवलेलं सामान. बाजूच्या कप्प्यांत काय काय निघतं ते पाहून बरेच मालक चकित होतात.

३. इंधन समान करा. दोन बाजूंना दोन टाक्या असतील तर दोन्हींत सारखं इंधन हवं. काट्यावर विश्वास नको, कारण बोट कललेली असली की काटाही चुकीचं दाखवतो. शक्य असेल तर पट्टी घालून पातळी मोजा. पेट्रोलचं वजन लिटरमागे साधारण पाऊण किलो, डिझेलचं सुमारे ०.८४ किलो. एका टाकीत १०० लिटर डिझेल जास्त असेल तर त्या बाजूला ८४ किलो जास्त आहेत.

४. आपोआप सरळ करणाऱ्या यंत्रणा बंद करा. स्वयंचलित ट्रिम टॅब, डोलणं कमी करणारा जायरो, असलं काही असेल तर चाचणीपुरतं बंद. दोन्ही टॅब पूर्ण वर घ्या.

५. कोन मोजण्याची सोय करा. फोनमधला लेव्हल चालतो. तो आडव्या, पक्क्या जागी ठेवा, सीटच्या गादीवर नको. त्याच जागी फोन उलट दिशेने फिरवून पुन्हा वाचा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत; नाही आले तर फोन आधी कॅलिब्रेट करा. वळणावर फोनचा आकडा खोटा असतो, म्हणून वाचन फक्त सरळ रेषेत घ्यायचं.

तपासा: बिल्ज कोरडी, सामान बाहेर, टाक्या समान, टॅब वर, कागद-पेन्सिल हाताशी. यातलं एकही राहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: उभ्या बोटीचं मोजमाप

बोट शांत पाण्यात, दोर सैल सोडून उभी करा. आत कोणी नको. धक्क्यावरून किंवा लहान होडीतून, काठाच्या रबरापासून पाण्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना बोटीच्या मध्यावर मोजा, मग मागच्या टोकाजवळ पुन्हा मोजा. २.४ मीटर रुंदीच्या बोटीत एक अंश कल म्हणजे दोन बाजूंत सुमारे चार सेंटिमीटरचा फरक. हा आकडा फोनशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर फोन ठेवलेली जागाच तिरकी आहे. हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं. काही बोटींची काचेची चौकट मुळातच वाकडी बसवलेली असते आणि बोट सरळ असूनही चालवणाऱ्याला कललेली वाटते.

बोट उभ्यानेच कलत असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण हा सर्वांत सोपा दोष. तो किती मोठा आहे ते लगेच मोजून घ्या.

६. पाण्याच्या कॅनची चाचणी. २० लिटरचे काही कॅन साध्या पाण्याने भरा. एक कॅन म्हणजे २० किलो. बोटीच्या मध्याजवळ, वर आलेल्या बाजूला, मध्यरेषेपासून ठरावीक अंतरावर एकेक कॅन ठेवत जा. दोन्ही बाजूंची मापं समान झाली की थांबा. समजा ०.८ मीटर अंतरावर तीन कॅन लागले: ६० गुणिले ०.८, म्हणजे ४८ किलो-मीटर. हा तुमच्या बोटीचा असमतोल. ४० किलोची बॅटरी मध्यरेषेच्या एका बाजूला ०.६ मीटरवर असेल आणि ती उचलून दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर नेली, तर ती १.२ मीटर सरकली. ४० गुणिले १.२, बरोबर ४८. शिशाचा एक तुकडाही न घालता काम झालं.

कॅन लगेच उतरवू नका. ते जागेवर ठेवूनच पुढच्या टप्प्यात एक फेरी मारायची आहे.

नेहमीची चूक: कललेली बाजू दिसली की समोरच्या बाजूला कायमचं वजन ठोकणं. आधी असलेलं वजन सरकवा. नवीन वजन म्हणजे जास्त इंधन, कमी वेग, आणि ते सुटून घरंगळलं तर भलतंच संकट.

## टप्पा ३: पाण्यावरची चाचणी

सावधान: निदान दोन माणसं हवीत. एकाने फक्त चालवायचं, दुसऱ्याने फक्त वाचायचं आणि लिहायचं. दोघांनी लाइफ जॅकेट घालायचं, किल स्विचची (ओढली की इंजिन बंद पाडणारी) दोरी चालवणाऱ्याला बांधलेली. धावत्या बोटीत मागे वाकून टॅब किंवा प्रॉपेलर बघायला जायचं नाही. वेगात असताना जागाही बदलायची नाही. आधी वेग उतरवायचा, मग सरकायचं, मग पुन्हा वेग घ्यायचा.

शांत पाणी, मंद वारा, मोकळी जागा निवडा. वारा अगदी नसण्यापेक्षा थोडा असलेला बरा. का, ते खाली आहे.

७. चार वेग, एकच दिशा. अगदी मंद, बोट पाण्यावर चढण्याच्या बेतात, नेहमीचा धावता वेग, आणि पाऊण थ्रॉटल. प्रत्येक वेगात अर्धा मिनिट सरळ जा, मग वाचन घ्या. इंजिनचा ट्रिम चारही वेळा सारखाच, मध्यम. दुसरा माणूस शक्यतो मध्यरेषेवर बसवा.

८. तेच वेग, उलट दिशा. वाऱ्याला आडवं जा, मग पूर्ण वळून त्याच रेषेवर परत या. सगळ्या चाचण्यांत ही सर्वांत महत्त्वाची, आणि लोक हीच गाळतात.

खोल व्ही आकाराच्या तळाची बोट आडव्या वाऱ्यात *वारा येतो त्याच बाजूला* कलते. ऐकायला उलटं वाटतं. वारा वर उचललेली नाळ ढकलतो, म्हणून चालवणारा नकळत स्टिअरिंग वाऱ्याकडे थोडं धरून ठेवतो. त्यामुळे इंजिनचा जोर किंचित आडवा लागतो, तोही बोटीच्या गुरुत्वमध्याच्या बराच खाली. वळणावर बोट आत झुकते तसंच हे, फक्त बोट वळत नसते. म्हणून जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे कल दिसला तर तो वाऱ्याचा. दोन्ही वेळा एकाच बाजूला असेल तर तो बोटीचा. बिघाड नसलेल्या किती बोटी नुसत्या वाऱ्यापायी दुरुस्तीला जातात, ते तंत्रज्ञांना विचारा.

९. थ्रॉटलची चाचणी. नेहमीच्या वेगावरून थ्रॉटल पटकन थोडा वाढवा आणि बघा, मग कमी करा आणि बघा. कल जोराबरोबर वाढतो आणि जोर सोडताच ओसरतो का?

१०. माणसाची चाचणी. मंद वेगात दुसऱ्या माणसाला मध्यरेषेपासून एक मीटर बाजूला बसवा. ७५ किलोचा माणूस, म्हणजे ७५ किलो-मीटर. कल किती अंशांनी बदलला? तीन अंशांनी बदलला असेल तर मंद वेगात या बोटीला एका अंशासाठी २५ किलो-मीटर पुरतात. हा आकडा पुढे दहा वेळा उपयोगी पडतो.

११. उभ्याने कल असेल तर कॅन जागच्या जागी बांधून क्रमांक सात आणि आठ पुन्हा करा.

## टप्पा ४: नोंदी वाचा

आता कागद समोर घ्या.

उभी असताना आणि सगळ्या वेगांत एकाच बाजूला कल, आणि कॅन ठेवल्यावर तो गेला: वजन किंवा आतलं पाणी. टप्पा ५.

उभ्याने सरळ, पण जोर दिला की डावीकडे कलते आणि जोर सोडला की सरळ होते: एकच इंजिन, उजवीकडे फिरणारा प्रॉपेलर, म्हणजे टॉर्क, प्रॉपेलर फिरवताना बोटीला बसणारी उलटी मुरड. टप्पा ७.

उभ्याने सरळ, वेग वाढेल तसा कल वाढतो आणि थ्रॉटलच्या छोट्या बदलाने फरक पडत नाही: टॅब किंवा तळ. आधी टप्पा ६, मग ८.

जाताना एक बाजू, येताना दुसरी: वारा. टप्पा ६ मधला शेवटचा भाग वाचा आणि बाकीचं सोडून द्या.

नाळ फार खाली असताना अचानक एका अंगावर जाते आणि ट्रिम बाहेर केला की सावरते: इंजिन जास्त आत ट्रिम केलंय किंवा पुढे वजन फार आहे. पुढचा गोलसर भाग पाण्यात बुडाला की बोट नाळेवर चालायला लागते आणि तोल नाजूक होतो.

दोन कारणं एकत्र असू शकतात, नव्हे, बरेचदा असतातच. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, मग क्रमांक सात आणि आठ पुन्हा करा.

## टप्पा ५: वजन आणि लपलेलं पाणी

१२. जड वस्तूंचा नकाशा काढा. बोटीची साधी आकृती काढून बॅटऱ्या, टाक्या, पाण्याची टाकी, जनरेटर, फ्रिज, नांगर यांचं वजन आणि मध्यरेषेपासूनचं अंतर लिहा. डावीकडची बेरीज एकीकडे, उजवीकडची दुसरीकडे. फरक कॅनच्या आकड्याच्या आसपास आला तर गुन्हेगार कागदावरच सापडला.

सर्वांत आधी बॅटरी सरकवा. ती जड असते आणि हलवायला सोपी. इंजिनच्या जागेत काम करताना हवा खेळती ठेवा, पेट्रोलची वाफ असेल तर ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवा, मगच पान्याला हात घाला. केबल लांब करायची असेल तर तिची जाडीही त्या लांबीला पुरेशी हवी, नाहीतर स्टार्टर रडायला लागेल.

१३. इंधनाच्या वाटा तपासा. दोन टाक्यांना जोडणारा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर कललेल्या बोटीत इंधन खालच्या बाजूला वाहतं आणि कल वाढवतं. डिझेल इंजिनात आणखी एक खोच आहे: वापरलं न गेलेलं डिझेल परत टाकीत येतं. एका टाकीतून ओढून दुसरीत परत सोडत असाल तर प्रवासभर एक टाकी रिकामी आणि दुसरी भरलेली होत जाते. सकाळी सरळ आणि दुपारी कललेली बोट दिसली की आधी रिटर्नचा व्हॉल्व्ह बघा.

१४. फोम भिजलाय का? नकाशा समतोल दाखवतो, कॅन मात्र असमतोल दाखवतात. अशा वेळी डेक आणि तळ यांच्यामध्ये बोट तरंगती राहावी म्हणून भरलेल्या फोमवर संशय घ्या. बोट ट्रेलरवर असेल तर सपाट जमिनीवर ट्रेलरच्या डाव्या आणि उजव्या चाकांखालचं वजन वेगवेगळं मोजा. बोट ट्रेलरवर बरोबर मध्यभागी हवी, नाहीतर हे मोजमाप फुकट. एकूण वजन कारखान्याने दिलेल्या वजनापेक्षा इंजिन-सामान धरूनही बरंच जास्त येत असेल, तर पाणी आत आहे.

खात्री करायला डेकमधून, वरून, एक लहान भोक पाडून फोमचा नमुना काढा आणि पिळून बघा. तळाच्या बाहेरून भोक पाडू नका. ओला झालेला फोम दिवा लावून, पंखा लावून वाळत नाही. तो कापून काढावाच लागतो. आणि पाणी आलं कुठून ते बुजवल्याशिवाय नवा भरण्यात अर्थ नाही: डेकवरचे स्क्रू, सीटचे पाय, निचऱ्याच्या नळीचे जोड.

रबरी ट्यूबची बोट असेल तर दोन्ही ट्यूबमधली हवा गेज लावून समान करा, आणि तळ व डेक यांच्यामधल्या पोकळीचा प्लग काढून पाणी निघतंय का ते बघा. बोट पाण्याबाहेर असतानाच, हे सांगायला नकोच.

तपासा: उभ्या बोटीत दोन्ही बाजूंची मापं एका सेंटिमीटरच्या आत आली का? आली असतील तर क्रमांक सात आणि आठ पुन्हा. पुष्कळ जणांचं काम इथेच संपतं.

## टप्पा ६: ट्रिम टॅब

टॅब इतक्या उशिरा घेण्याचं कारण आहे. टॅब सगळे दोष झाकतो. एक टॅब कायम खाली ठेवून बोट सरळ दिसते, पण ती ओला फोम किंवा भरलेली टाकी ओढत राहते, आणि एका बाजूचा ब्रेक लावल्यासारखं इंधन जळतं.

१५. पूर्ण वर, दोन्ही सारखे? बोट पाण्याबाहेर असताना तळाला लांब सरळ पट्टी लावून ती टॅबखाली पुढे काढा. पट्टी आणि टॅबच्या मागच्या कडेतलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. एक टॅब पूर्ण वर जातच नसेल, तर तोच ती बाजू उचलतोय आणि बोट *दुसऱ्या* बाजूला कलते. हे नीट लक्षात घ्या: टॅब खाली गेला की त्याची बाजू मागून वर येते. म्हणून खाली गेलेल्या बाजूचा टॅब खाली करायचा असतो.

१६. बटणांचा घोळ. बऱ्याच पॅनेलवर डावीकडचं बटण उजवा टॅब हलवतं, कारण बटणावरचं चिन्ह नाळेची डावी बाजू खाली नेण्याचं असतं. जोडणी चुकली असेल तर तुम्ही कल काढण्याऐवजी वाढवत असता. एकाने बटण दाबा, दुसऱ्याने मागे उभं राहून कोणता टॅब हलतो ते डोळ्यांनी बघा. बोट उभी आणि इंजिन बंद असताना.

१७. अडकलेला टॅब. आधी शिंपले-कवचं खरवडा, विशेषतः दांड्याभोवतीची. विजेच्या टॅबमध्ये दोन्ही बाजूंचे कनेक्टर कंट्रोल बॉक्सपाशी अदलाबदल करून बघा. दोष टॅबबरोबर राहिला तर टॅबची मोटर किंवा तिच्याकडे जाणारी वायर. दोष बटणाबरोबर राहिला तर बटण किंवा बॉक्स. हायड्रॉलिक टॅब दाबल्यावर खाली जातो आणि पाच मिनिटांनी आपोआप वर सरकतो, असं असेल तर तेलाची पातळी, नळीचे जोड आणि व्हॉल्व्ह बघा.

१८. वाऱ्यासाठी टॅब. वाऱ्याच्या कलासाठी टॅब हाच खरा उपाय. इंजिन थोडं आत ट्रिम करून नाळ जरा खाली आणा, म्हणजे वारा कमी धरेल. मग वाऱ्याकडच्या बाजूचा टॅब एकेक टिचकी मारत खाली करा. प्रत्येक टिचकीनंतर दोन-तीन सेकंद थांबा. बोट उशिरा प्रतिसाद देते.

सावधान: मोठ्या वेगात एकच टॅब झटकन पूर्ण खाली करू नका, बोट एकदम वळू शकते. लाटा मागून येत असतील तर टॅब वर घ्या. नाळ खाली असताना मागची लाट बोटीला आडवी फेकते.

## टप्पा ७: इंजिन आणि प्रॉपेलर

सावधान: प्रॉपेलरला हात लावण्याआधी किल्ली काढा, बॅटरी स्विच बंद करा, गिअर न्यूट्रलवर ठेवा.

१९. टॉर्क किती, ते समजून घ्या. मागून बघताना प्रॉपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर बोट उलट दिशेने मुरगळली जाते, म्हणजे डावी बाजू खाली जाते. १५० अश्वशक्तीचं इंजिन ५५०० फेऱ्यांवर आणि गिअर १.८६ ला १ असा असेल तर प्रॉपेलरच्या शाफ्टवर सुमारे ३६० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. ७५ किलोचा माणूस मध्यरेषेपासून अर्धा मीटर बाजूला बसला तर जेवढा परिणाम होईल, जवळपास तेवढाच. एका इंजिनाच्या बऱ्याच बोटींत स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्याचं एक कारण हेच.

यातून निघणारा उपाय फुकटचा आहे: दुसरा माणूस डावीकडे बसत असेल तर त्याला मध्यावर किंवा उजवीकडे बसवा. पूर्ण थ्रॉटललाच एक-दोन अंश कल येत असेल तर एवढ्यावर भागवा. टॉर्क हा दोष नाही, तो जाणार नाही. एकाच शाफ्टवर उलटसुलट फिरणारे दोन प्रॉपेलर असतील तर टॉर्क जवळजवळ आपसांत मिटतो, तेव्हा तिथे हे कारण शोधत बसू नका.

प्रॉपेलर नुकताच बदलला आणि कल तेव्हापासून आला असेल तर जुना परत लावून बघा. नाळ जास्त उचलणाऱ्या प्रॉपेलरमुळे पाण्यातला तळ कमी होतो आणि तोच टॉर्क जास्त जाणवतो.

२०. दोन इंजिनं. दोन्ही प्रॉपेलर विरुद्ध दिशांनी फिरताहेत का? दुरुस्तीत एक गिअरकेस बदलून सारख्याच दिशेचा बसवल्याचं उदाहरण दुर्मीळ नाही. मग दोन्ही इंजिनांचा ट्रिम. गेजवर दोन्ही काटे एका रेषेत असले तरी सेन्सर चुकीचे असू शकतात, म्हणून प्रॉपेलरवरच्या आडव्या प्लेटला पट्टी लावून तळाशी होणारा कोन प्रत्यक्ष मोजा. एक इंजिन आत आणि दुसरं बाहेर असेल तर दोन बाजूंना मागून वेगवेगळी उचल मिळते आणि बोट कलणारच.

२१. एका इंजिनाची जागा. मध्यरेषेवर आहे का ते ट्रान्समच्या दोन्ही कडांपासून मोजा. उंचीही बघा: ती आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा किंचित वर, ही सुरुवातीची ठीक जागा. इंजिन फार उंच असेल तर प्रॉपेलर पृष्ठभाग फोडतो आणि आडवा जोर मारतो.

२२. छोटा फिन. ओढ असेल तरच याला हात लावा. बोट उजवीकडे ओढत असेल तर फिनची मागची कड थोडी उजवीकडे. डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. इंजिन इतकं बाहेर ट्रिम केलं की फिन पाण्याबाहेर आला, तर त्याचा उपयोग शून्य. कल काढायला फिन फिरवत बसणाऱ्यांना शेवटी कलणारी *आणि* ओढणारी बोट मिळते.

## टप्पा ८: तळ

इथवर काही सापडलं नसेल तरच. आधी तळ धुऊन घ्या. एका बाजूला सावली आणि दुसरीकडे ऊन अशी बोट उभी राहत असेल तर शेवाळ-कवचंही असमान वाढतात.

२३. सरळ पट्टी. दीड-दोन मीटरची, खात्रीने सरळ असलेली पट्टी घ्या. तळाच्या मागच्या भागात, मधल्या कण्याला समांतर धरा, ट्रान्समपर्यंत. डावीकडे आणि उजवीकडे कण्यापासून सारख्याच अंतरावर. तळाच्या फुगीर पट्ट्या टाळा. पट्टीच्या मधोमध फट दिसली तर तिथे खोलगट भाग आहे: तो बाजू उचलतो, बोट दुसरीकडे कलते. पट्टी मध्यावर टेकून टोकाला हलली तर फुगवटा: ती बाजू खाली बसते. एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर आणि दुसरीकडे काहीच नाही, तर मनावर घ्या.

खोलगट भागाचं नेहमीचं कारण ट्रेलर: आधाराच्या लांब फळ्या ट्रान्समपर्यंत पोचत नाहीत आणि इंजिनचं वजन लटकत राहतं. तळ दुरुस्त करून बोट पुन्हा त्याच ट्रेलरवर ठेवली तर पैसे पाण्यात.

२४. कडा. तळ आणि बाजू मिळतात ती चाईन, आणि ट्रान्समखालची कड, दोन्ही धारदार हव्यात. घासलेल्या जागेवर जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) लावताना कारागीर कड गोल करतो; दिसायला छान, पण गोल कडेवरून पाणी सुटत नाही, चिकटून वर चढतं आणि ती बाजू ओढून धरतं. बोटाने चाचपून दोन्ही बाजूंची तुलना करा. फायबरचं भरकाम करून कड पुन्हा धारदार करणं हे काम स्वतः करता येतं. खोलगट भाग मात्र लांब सँडिंग बोर्ड आणि सराव असलेल्या माणसाकडेच द्या. हाताने घासून तळाला लाटा आणणारे बरेच आहेत.

## टप्पा ९: शेवटची फेरी

सामान आता परत चढवा, पण नकाशा बघून. इंधन अर्धं, माणसं नेहमीइतकी. क्रमांक सात आणि आठ एकदा असे, आणि एकदा चालवणारा एकटा असताना. दोन्ही स्थितींत शांत पाण्यात, टॅब वर ठेवून, कल एका अंशाच्या आसपास राहिला तर तिथेच थांबा. उरलेलं टॅबने काढायचं, त्यासाठीच तो असतो.

वाचनं, कॅनचा आकडा, बॅटऱ्यांच्या जागा आणि दोन्ही टॅबची नेहमीची स्थिती लिहून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टिअरिंगखाली चिकटवा. प्रॉपेलर, इंजिन, बॅटरी किंवा टाकी यांपैकी काहीही बदललं की फक्त टप्पा २ आणि क्रमांक आठ पुन्हा करा.